मास्तर गेले, गायन पार्टी कुणाची?

एखादा शाहीर, गायक किंवा बँडचा मास्तर गेला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन दिवसांत फ्लेक्स लागतो. फोटो, मागे निळा झेंडा, वर ‘भावपूर्ण आदरांजली’ आणि खाली शोकाकुलांची नावे. बहुतेक वेळा खालची नावे गेलेल्या माणसाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असतात. फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत टिकतो, मग कुणाच्या तरी छपरावर ताडपत्री म्हणून जातो. त्याबद्दल आमची तक्रार नाही, निदान छपराला उपयोगी पडला. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दहा-बारा जणांना एका तालात बांधून ठेवले, तो गेल्यावर त्या दहा-बारा जणांचे काय होते? आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोराने त्याला आदरांजली वाहायची म्हणजे नेमके काय करायचे?

हा प्रश्न नुसत्या भावनेचा नाही. तो आंबेडकरी चळवळीच्या सांस्कृतिक राजकारणाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहोत.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात हातात छडी घेऊन उभा राहणारा कंडक्टर असतो. तो स्वतः काही वाजवत नाही, पण त्याच्या हाताशिवाय शंभर माणसे एकत्र सुरू होत नाहीत आणि एकत्र थांबत नाहीत. आपल्या गायन पार्टीत हेच काम मास्तर करतो. फरक एवढाच की तो हार्मोनियमवर बसलेला असतो, गात असतो आणि त्याच वेळी डोळ्यांनी ढोलकीवाल्याला, मानेने कोरसला आणि डाव्या हाताच्या बोटाने बेंजोवाल्याला सांगत असतो. कुठल्या कडव्यानंतर टाळ्या वाढल्या, कुठे म्हाताऱ्यांचे डोळे भरले, कुठे पोरे पेंगायला लागली, हे पाहून तो गाण्यांचा क्रम जागेवर बदलतो. त्याचे लिखित शास्त्र नाही. ते शास्त्र मास्तरच्या अंगात असते आणि मास्तरबरोबर जाते, जर कुणी शिकून घेतले नसेल तर.

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही संस्कृतीवर बरेच वाचले. पण गायन पार्टीला अभ्यासाचा विषय म्हणून मान देणारे लेखन फार थोडे सापडले. शर्मिला रेगे यांचे काम त्यात महत्त्वाचे. जलसे, गायन पार्ट्या, चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या छोट्या पुस्तिका या सगळ्याकडे त्यांनी ज्ञाननिर्मिती म्हणून पाहिले. ‘हे लोक बाबासाहेबांची नुसती भक्ती करतात’ असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दिलेले ते उत्तर होते. ज्या समाजाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या समाजाने इतिहास, कायदा आणि धम्म गाण्यातून शिकून घेतला. त्या शाळेचा हेडमास्तर म्हणजे गायन पार्टीचा मास्तर.

ही परंपरा आकाशातून पडलेली नाही. गावगाड्यात वाजवणे हे जातीने लादलेले काम होते. दुसऱ्याच्या लग्नात मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे आणि उरलेसुरले घेऊन घरी यायचे. तमाशात नाचणाऱ्या बायाही आपल्याच. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूराव यांनी तमाशाच्या खेळाचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, हा प्रसंग चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. याचा अर्थ बाबासाहेबांना कला नको होती असा नाही. अपमानाच्या अटीवरची कला नको होती. म्हणूनच पुढे सत्यशोधकी जलशाचा धागा पकडून भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला मनापासून दाद दिली. त्यांच्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असे ते म्हणाल्याचे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. हात तेच, वाद्य तेच, पण आता वाजवणारा मांडवाच्या आत होता आणि स्वतःसाठी वाजवत होता.

आता आमच्या ठाणे जिल्ह्याकडे येऊ. २००४ हे साल आंबेडकरी संगीताला फार जड गेले. १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. अवघ्या ३९ दिवसांत शब्दही गेला आणि आवाजही गेला. आमची पिढी तेव्हा शाळेत होती. कॅसेटचे दिवस संपत आले होते, पण घरातल्या टेपवर अजून याच दोघांचे राज्य होते.

प्रल्हाद शिंदे यांचे घराणे कल्याणचे म्हणून ओळखले जाते. प्रल्हाददादा, मग आनंद आणि मिलिंद, आणि आता आदर्श व उत्कर्ष. तीन पिढ्या एका गळ्याने बांधलेल्या. ‘दुनियादारी’ हा २०१३ चा चित्रपट असो किंवा २०१९ साली सुरू झालेल्या बाबासाहेबांवरील मालिकेचे शीर्षकगीत, आदर्शचा आवाज आज महाराष्ट्रात सगळ्या जातींच्या घरांत पोचला आहे. याच ठिकाणी आपल्या काही मित्रांचा आक्षेप सुरू होतो. हे बाजारात गेले, असे ते म्हणतात. आजोबांच्या बाबतीतही तेच म्हणतात. बौद्ध माणसाने विठ्ठलाची गाणी का गावीत? बावीस प्रतिज्ञांचे काय?

आम्ही स्वतः बौद्ध आहोत, प्रतिज्ञा आमच्यासाठी शोभेच्या नाहीत. तरीही हा आक्षेप आम्हाला अर्धवट वाटतो. कॅसेट कंपनीला जे विकले जाते तेच ती रेकॉर्ड करते. गायकाच्या मागे ढोलकीवाला असतो, कोरसवाले असतात, त्यांची घरे असतात. ज्या गळ्याला आषाढीला महाराष्ट्रभर ऐकले गेले, त्याच गळ्याने १४ एप्रिलला भीमगीते घराघरांत नेली. समाजाने आपल्या गायकाला पोटापुरते दिले असते, तर त्याला काय गायचे हे विचारण्याचा नैतिक अधिकार समाजाला मिळाला असता. आपण दिले काय? सुपारी ठरवताना घासाघीस आणि कार्यक्रम संपल्यावर ‘मास्तर, बाकीचे पुढच्या आठवड्यात बघू’. पुढच्या पिढीने मंच बदलला, मानधन ठरवून घेतले आणि नाव पडद्यावर आणले, तर तो आजोबांचा द्रोह नाही. आजोबांना जे मिळाले नाही ते मिळवणे, हीसुद्धा आदरांजलीच आहे.

दुसरे उदाहरण लोकशाहीर विठ्ठल उमप यांचे. १९३१ साली मुंबईच्या नायगावात जन्मलेला हा माणूस कव्वाली, भारूड, पोवाडा, गोंधळ, भीमगीत असे सगळे गायला. ‘जांभूळ आख्यान’ त्यांनी असे रंगवले की ज्यांनी ते पाहिले ते आजही सांगत बसतात. ‘टिंग्या’ आणि ‘विहीर’ या चित्रपटांत नव्या पिढीने त्यांना पाहिले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी, म्हणजे संविधान दिनी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच ते कोसळले आणि गेले. त्यांचे पुत्र नंदेश उमप यांनी काय केले? पुतळ्याची मागणी करत बसले नाहीत. वडिलांच्या नावाने दरवर्षी संगीत समारोह सुरू केला आणि ‘मृद्गंध’ पुरस्कार ठेवला. तो पुरस्कार दुसऱ्या कलावंतांना दिला जातो, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. बापाच्या स्मृतिदिनी बापाचेच कौतुक करून थांबायचे नाही, तर त्या दिवशी दुसऱ्या ढोलकीवाल्याला, दुसऱ्या शाहिराला मंचावर बोलवायचे. मास्तर जिवंत असता तर त्याने हेच केले असते.

तिसरे उदाहरण आपल्या समाजातले नाही, पण शिकण्यासारखे आहे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे हिंदी चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा केला. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणायचा त्यांचा ध्यास होता. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो प्रयोग पैशाअभावी फार चालला नाही आणि १९६५ मध्ये ते अमेरिकेला निघून गेले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतला प्यारेलाल झाला. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये प्यारेलाल यांनी गुरूचे पूर्ण नाव गाण्यात घातले. ते नाव सगळा देश गायला, पण ते एका खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना कळले. त्या काळी पडद्यावर संगीतकाराचे नाव येई, संयोजकांची आणि वादकांची नावे सहसा येत नसत. शिष्याने तो अन्याय आपल्या परीने एका गाण्यात दुरुस्त केला.

नाव घेणे ही छोटी गोष्ट नाही. ज्यांची नावे सातबाऱ्यावर नव्हती, मंदिराच्या देणगी पाटीवर नव्हती, शाळेच्या हजेरीपटावर नव्हती, त्यांना तर हे सांगायलाच नको. मग आपणच यूट्यूबवर भीमगीत टाकताना कवीचे नाव का लिहीत नाही? वामनदादांची किती गाणी ‘पारंपरिक भीमगीत’ म्हणून फिरत आहेत! माणूस जाऊन पंचवीस वर्षेही झाली नाहीत आणि आपण त्याला पारंपरिक करून टाकले.

आमच्या खोपटमधली एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. एसटी स्टँडपासून चालत पाच-सात मिनिटांवर आमची वस्ती. तिथे एक मास्तर होते. दिवसा सफाईचे काम, संध्याकाळी हार्मोनियम. वस्तीतल्या तीन पिढ्यांना त्यांनी सूर शिकवला. त्यांची गायन पार्टी एकेकाळी कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर, भिवंडी असे सगळीकडे फिरायची. डीजे आला तशा सुपाऱ्या कमी झाल्या. कुणी रिक्षा धरली, कुणी वॉचमन झाला. मास्तर गेले तेव्हा मागे एक हार्मोनियम आणि गाण्यांच्या चार वह्या राहिल्या.

त्यांचा शेवटचा शिष्य आता तेवीस वर्षांचा आहे. दिवसभर मोटारसायकलवरून पार्सले पोचवतो आणि रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. पहिला स्मृतिदिन जयंतीच्याच आठवड्यात येत होता. मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरत होते की मिरवणुकीच्या डीजेसमोर मास्तरांचा मोठा फोटो लावायचा. तो पोरगा सहसा बोलत नाही. त्या दिवशी उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, मास्तरांनी मला वाजवायच्या आधी थांबायला शिकवलं. दुसऱ्याचं ऐकायचं, मग आपलं बोट उचलायचं. त्यांचा फोटो त्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे लावला तर ते मला काय म्हणतील?” मग त्याने मागणी केली. एक संध्याकाळ द्या, विहाराच्या अंगणात, आणि पार्टीतले जे वादक जिवंत आहेत त्यांना मानधन द्या.

वाद झाला. “गायन पार्टी आता कोण ऐकतं? पोरांना नाचायचं असतं,” असे काही जण म्हणाले. ते पूर्ण खोटेही नव्हते. एका ज्येष्ठ काकांनी विचारले, “तुम्ही ऐकवलंत कधी?” त्यावर सगळे गप्प झाले. शेवटी मिरवणूक डीजेची आणि आदल्या दिवशीची संध्याकाळ गायन पार्टीची, असे ठरले. दोन्हींच्या खर्चातली तफावत इथे लिहायची लाज वाटते, म्हणून एवढेच सांगतो की सहा वादकांचे मिळून मानधन डीजेच्या भाड्याच्या चौथा हिस्साही नव्हते.

त्या संध्याकाळी पोराने कीबोर्ड आणलाच नाही. मास्तरांची हार्मोनियम दुरुस्त करून घेतली होती, तीच काढली. ढोलकीवाले बाबा दिव्याहून आले. त्यांच्या स्वतःच्या ढोलकीची शाई उडालेली, म्हणून दुसऱ्याची मागून आणलेली. पहिली दोन गाणी जमेनात. कोरस पुढे जाई, ढोलकी मागे राही. पोराने हाताने खूण करून सगळ्यांना थांबवले आणि चालू कार्यक्रमात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे बसलेल्या बाया हसल्या, कारण मास्तर नेमके असेच करायचे. तिसऱ्या गाण्यापासून पार्टी जुळली.

त्याने आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक गाण्याआधी शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि आज वाजवतो कोण, हे सांगितले. एका गाण्यापाशी तो अडला. वहीत कवीचे नाव नव्हते. त्याने माईकवरून विचारले, कुणाला माहीत आहे का? मागच्या रांगेतून एका आजीने नाव सांगितले. तो कवी तिच्या माहेरच्या चाळीत राहायचा. पोराने खिशातून पेन काढला आणि सगळ्यांसमोर ते नाव वहीत लिहिले. त्या रात्री नाचणारी पोरेसुद्धा दहा वाजेपर्यंत बसून होती.

आमच्या मते आदरांजली ही अशी असते. मास्तरची नक्कल त्यात नव्हती. मास्तरचे काम होते: माणसे जमवणे, चुकले तर थांबवणे, प्रत्येकाचे नाव घेणे.

काही मित्र म्हणतील, हे सगळे भावनिक आहे, चळवळीपुढे शिष्यवृत्त्या, खासगीकरण, आरक्षण असे मोठे प्रश्न आहेत. आहेतच. पण कलावंताला वाऱ्यावर सोडण्याची किंमत चळवळीने मोजलेली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात आपली दहा माणसे मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडला राहणाऱ्या विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. ठाण्याचा नाका ओलांडला की मुलुंड. ज्या संघटनेसाठी ते वर्षानुवर्षे गायले, तिने त्यांना आधीच दूर केले होते. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तिथूनच सुरू होतो. शाहीर एकटा पडला की चळवळीने आपला कान गमावला, असे समजावे. लोकांच्या मनात काय चालले आहे हे सर्वांत आधी त्यालाच कळत असते.

डीजेलाही आमचा आंधळा विरोध नाही. वर्षातून एकदा आपली पोरे रस्त्याच्या मधोमध नाचतात, ज्या रस्त्यावरून आपल्या पूर्वजांना चालायची बंदी होती. त्या नाचण्याला अर्थ आहे. पण डीजेचे भाडे वस्तीबाहेर जाते आणि गायन पार्टीचे मानधन वस्तीत राहते, हा हिशेब तरी मांडा. डीजेला शिष्य लागत नाही, गायन पार्टीला लागतो. आणि गायन पार्टीत बाईलाही जागा आहे. हातात एकतारी घेतलेल्या कडुबाई खरात यांना कुठल्या कंपनीने मोठे केले नाही, लोकांच्या मोबाइलने केले. कोरसमध्ये बसलेल्या आपल्या बहिणींना मधल्या माईकपर्यंत आणणे, हेही आपलेच काम आहे.

आता करायचे काय, ते सरळ सांगतो.

पहिली गोष्ट, वह्या वाचवा. प्रत्येक वस्तीत एखाद्या मास्तरची वही ट्रंकेत पडलेली आहे. तिचे फोटो काढा, कवीचे नाव शोधा, जुन्या माणसांना विचारा. ती माणसे असेपर्यंतच हे जमणार आहे.

दुसरी गोष्ट, कायदा समजून घ्या. गीतकाराचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. आपल्यात एवढे वकील झाले आहेत, त्यांतल्या दोघांनी तरी कलावंतांच्या घरी जाऊन जुने करारनामे वाचून दाखवावेत.

तिसरी गोष्ट, मानधन योजना. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी योजना आहे. २०२४ पासून तिचे मानधन महिन्याला ५,००० रुपये झाले आहे. अर्ज भरायचा, कार्यक्रमांचे पुरावे जोडायचे, आणि ढोलकीवाल्या बाबांकडे पुरावा म्हणून असतो फक्त हाताला पडलेला घट्टा. जुन्या पत्रिका, फोटो, कात्रणे गोळा करून त्यांचा अर्ज भरून देणे हे शिकलेल्या पोरांचे काम आहे. आम्ही आमच्या वस्तीत ते सुरू केले आहे.

चौथी गोष्ट, जयंतीच्या वर्गणीतला एक ठरावीक हिस्सा गायन पार्टीसाठी आधीच बाजूला काढा आणि मानधन त्याच रात्री, मंचावरून उतरायच्या आधी, हातात द्या. ‘बाकीचे पुढच्या आठवड्यात’ हे वाक्य आपल्या मंडळांतून हद्दपार करा.

बाबासाहेबांनी आपल्याला ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे सांगितले. गायन पार्टी या तिन्ही गोष्टी एका सतरंजीवर करून दाखवते. तिथे मास्तर शिकवतो, दहा माणसे एका तालात येतात आणि गाणे लढ्याचे असते. म्हणून ज्या पोरांच्या हातात आज कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड आहे त्यांना आमची एकच विनंती आहे. तुमच्या मास्तरचा फोटो स्टेटसला जरूर ठेवा. पण त्यांच्या पार्टीतल्या जुन्या वादकाला आज रात्रीच फोन लावा आणि विचारा, “बाबा, पुढची तालीम कधी धरायची?”

जय भीम! नमो बुद्धाय!